चढावर रुतलेली ट्रॉली: घसरण थांबवली आणि पुढची चाकं उचलली

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका गावातलं हे प्रकरण. गावाचं, माणसांचं, कारखान्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे. आकडे दुसऱ्या दिवशी टेप, गवंड्याची पाण्याची नळी आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या घेऊन जमवले आणि सोयीसाठी गोळाबेरीज केले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. जानेवारीतला रविवार, चुलतभावाच्या रानात ऊसतोड चालू होती, म्हणून मी तिथे होतो. नुसता बघ्या असतो तर हे लिहायची गरज पडली नसती. जे घडलं त्यात माझा एक सल्ला होता, आणि तो अर्धाच बरोबर होता.

रान रस्त्यापेक्षा खोल. रानातून डांबरी रस्त्यावर यायला मातीचा चढ, १२ मीटर लांब आणि वर येताना १ मीटर उंच. कोनात सांगायचं तर पाच अंशांना थोडं कमी. डोळ्यांना हा चढ काहीच वाटत नाही. सायकल हातात धरून चालत येणाऱ्याला जाणवतो.

ट्रॅक्टर ५० एचपीच्या वर्गातला, वजन सुमारे २,२०० किलो. त्यातलं १,४०० मागच्या चाकांवर, ८०० पुढच्या. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये २ मीटर अंतर. ट्रॉली चार चाकी, रिकामी दीड टन. चढ ठाऊक असल्यामुळे ऊस साडेचार टनच भरायचा असं आधीच ठरलं होतं, म्हणजे एकूण ओझं ६ टन. मुकादमाला ते पटलं नव्हतं, कारण खेपा वाढतात आणि टोळीची मजुरी खेपांवर नाही, काट्यावरच्या टनांवर मिळते.

सकाळच्या दोन खेपा वर आल्या. इंजिनाने धूर सोडला, पण आल्या. अकराच्या सुमारास शेतीपंपांची वीज आली, शेजारच्या रानात पाणी सुरू झालं, आणि पाटाची एक कड फुटून ते पाणी नेमकं आमच्या चढावर पसरलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत पाऊण तास गेला होता. काळी माती पाऊण तास पाणी प्यायली की काय होतं ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

अडचण

तिसरी खेप चढाच्या मध्यावर थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल मागे उडाला, ट्रॉली तसूभर हलेना. ड्रायव्हरने दोनदा जोर दिला, मग खाली उतरून टायरकडे बघत म्हणाला, "गाडीत दम हाय सर, पन जिमिनीनं धराय नको का?"

एवढ्या एका वाक्यात त्याने निदान केलं होतं. तरी बांधावरची निम्मी माणसं "साठ एचपीचा पाहिजे होता" म्हणत होती, म्हणून इंजिनाचा हिशेब करून टाकतो. असल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १९० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे पावणेदोनशेच्या आसपास फेरे होतात तेव्हा मागचं चाक एक फेरा घेतं. फेरे जितके घटतात तितका टॉर्क वाढतो, थोडा वाटेत दातेऱ्यांत वाया जातो. आसावर पोचतो तो सुमारे २८,००० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ६५ सेंटीमीटर, म्हणजे टायरच्या कडेला ४,४०० किलो वजनाइतका जोर. (पुढे सगळीकडे जोर किलोतच सांगतो, रानात न्यूटन कुणी बोलत नाही.)

ओल्या चढावरून ट्रॉली वर काढायला लागणार होता १,१०० किलो. ट्रॅक्टरला स्वतःला चढायला आणखी दोन-सव्वादोनशे. इंजिनाकडे गरजेच्या तिप्पट होतं. साठ एचपीचा ट्रॅक्टर आणला असता तर त्याने तोच चिखल जास्त वेगाने उडवला असता.

आता ते १,१०० कुठून आले? त्यातले ५०० चढाचे: ६ टनांचा बारावा हिस्सा. उरलेले ६०० ट्रॉलीच्या चाकांचे, आणि इथे वर्गात नेहमी गोंधळ होतो. विद्यार्थी म्हणतात, चाकाला घर्षण अडवतं. मोकळं फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणाला थांबलेला असतो, तो घासतच नाही; म्हणून तर चाकाचा शोध लागला तेव्हा ओझं ओढणं एकदम हलकं झालं. ट्रॉलीचं चाक अडतं ते जमीन दबते म्हणून. चाकाच्या पुढे मातीचा बारीकसा उंचवटा तयार होतो आणि चाक सतत तो चढत राहतं. जमिनीचा वर ढकलणारा रेटा आसाच्या बरोबर खाली न लागता थोडा पुढे सरकून लागतो. तेवढ्या सरकण्याने चाकाला उलट फिरवू पाहणारा टॉर्क तयार होतो. घट्ट कोरड्या मातीवर हा अडथळा ओझ्याच्या शंभरातल्या पाच हिश्श्यांएवढा, तर ओल्या मऊ मातीवर दहा किंवा त्याहूनही जास्त. ट्रॉलीच्या ४५ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकात दहा टक्के म्हणजे रेटा फक्त साडेचार सेंटीमीटर पुढे सरकलेला. डांबरी रस्त्यावर तो एक सेंटीमीटरही नसतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचं सगळं उलट. त्याला आतून टॉर्क मिळतो, ते जमिनीला मागे ढकलतं आणि जमीन त्याला पुढे ढकलते. हा पुढे ढकलणारा जोर म्हणजेच घर्षण. गाडी पुढे नेणारं घर्षण असतं हे सांगितल्यावर अकरावीचा अख्खा वर्ग दरवर्षी माझ्याकडे संशयाने बघतो. पण ट्रॅक्टरला ओढणारी दुसरी कुठली वस्तू तिथे नाहीच. या घर्षणाला कमाल मर्यादा असते: मागच्या चाकांवरचा भार गुणिले घर्षणांक. कोरड्या घट्ट मातीवर तो अंक ०.६ ते ०.७ धरा. ओल्या काळ्या मातीवर ०.४ म्हणजे उदारपणा झाला.

पाण्याने एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मारलं होतं. ट्रॉलीची गरज ८०० वरून १,१०० वर गेली, आणि ट्रॅक्टरची पकड जवळपास निम्म्यावर आली. ओल्या चढावर तो ट्रॅक्टर ट्रॉलीला देऊ शकत होता फक्त ३९० किलो. हा आकडा मी दुसऱ्या दिवशी काढला. त्या दिवशी काढला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. सातशे किलोची तूट किरकोळ युक्त्यांनी भरत नाही, हे तिथेच दिसलं असतं.

समोर असलेले मार्ग

बांधावर सल्ल्यांना तोटा नव्हता.

ऊस उतरवून डोक्यावरून वर नेणं आणि रिकामी ट्रॉली काढणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. मुकादमाने तो ऐकताक्षणी मोडीत काढला. बीडकडची टोळी, पहाटेपासून फडात. एकदा तोडलेली, बांधलेली, डोक्यावर घेऊन फळीवरून चढवलेली मोळी पुन्हा उतरवायची आणि पुन्हा भरायची, आणि वजनकाट्यावर ती एकदाच मोजली जाणार. त्या दुसऱ्या कष्टाचे पैसे कोण देणार, हा त्याचा प्रश्न होता. माझ्या भावाने त्याला उत्तर दिलं नाही. मला वाटतं या प्रकरणातला पहिला निर्णय तिथेच झाला, न बोलता.

दुसरा ट्रॅक्टर बोलावणं. शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर कारखान्यावर रांगेत होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.

डिफरन्शियल लॉक. डावं चाक पाटाच्या बाजूला जास्त भिजलेलं होतं, उजवं त्या मानाने बरं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी दातेऱ्यांची जोडणी; तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणून ज्या बाजूची पकड कमी तिच्यावर दोघांची मर्यादा ठरते. बरं चाक असून नसल्यासारखं. लॉक दाबला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि बऱ्या चाकाला त्याची पूर्ण पकड वापरता येते. ड्रायव्हरला हे माहीत होतं. त्याने पायाने पेडल दाबून दाखवलं: गंजून बसलेलं. किती दिवसांपासून, तर घेतल्यापासून वापरलंच नव्हतं.

चार माणसं पुढच्या बंपरवर बसवणं. ही सूचना दोघांनी केली आणि दोघांनीही आपापल्या गावी ते केल्याचं सांगितलं. पुढे बसलेली माणसं पुढचा भार वाढवतात, पण बंपर पुढच्या आसाच्याही पुढे असल्याने सी-सॉसारखा मागचा भार उचलतात. अडीचशे किलोची माणसं बसली तर मागून साठेक किलो कमी होतात. म्हणजे पकडच घटणार. आणि ट्रॅक्टर खरंच उसळला तर सगळ्यात आधी तीच फेकली जाणार. याला मी ठाम विरोध केला, त्याचं श्रेय घेतो. पुढच्याचं घेता येत नाही.

पहिला निर्णय: साखळी वर बांधली

ट्रॉलीचा दांडा हुकातून काढून साखळी लावायची म्हणजे ट्रॅक्टरला चार-पाच मीटर पुढे, जरा कमी भिजलेल्या जागी उभं करता येईल, असं ड्रायव्हरने सुचवलं. कल्पना चांगली होती. साखळी ट्रॅक्टरला कुठे अडकवायची हा प्रश्न आला. खालचा हुक जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर. त्याच्या वर, टॉप लिंकचा (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट ९५ सेंटीमीटरवर.

मी म्हणालो, वर बांधा. वरून ओढलं की ट्रॅक्टर मागच्या बाजूला कलू पाहतो, मागच्या चाकांवर भार वाढतो, आणि भार वाढला की घर्षण वाढतं. "सर म्हणत्यात" म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही.

वाक्य खोटं नव्हतं. मागच्या टायरच्या टेकण्याच्या जागेभोवती टॉर्क मांडले की साखळीचा ओढ गुणिले तिची उंची हा पुढची चाकं हलकी करणारा टॉर्क आहे, आणि पुढचं जितकं हलकं होतं तितकं मागचं जड. मी त्या समीकरणाचा मागचा अर्धा भाग फळ्यावर लिहिला आणि पुढचा लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत पूर्ण गणित मांडलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. ओल्या मातीवर खालच्या हुकाने मिळत होते ३९० किलो. वरच्या ब्रॅकेटने मिळाले असते ४४०. पन्नास किलोंचा फायदा, आणि गरज अकराशेची. त्या पन्नास किलोंसाठी मी काय गहाण टाकलं होतं ते असं: या चढावर पुढची चाकं जमिनीवरून सुटायला खालच्या हुकावर सुमारे २,९०० किलोचा ओढ लागला असता. वरच्या ब्रॅकेटवर १,५०० पुरतो. (साखळी थोडी तिरकी होती, त्याने आकडे जरा हलतात, पण रोख तोच राहतो.)

२,९०० किलोचा ओढ त्या ट्रॅक्टरला कोरड्या मातीवरही मिळाला नसता. त्याआधीच टायर घसरले असते. खालचा हुक ज्या उंचीवर असतो त्यामागे ही शहाणीव आहे. हुक खाली असेल तर ट्रॅक्टर उलटण्याआधी घसरतो. शिवाय नाक वर येऊ लागलं की मागचा हुक आणखी खाली जातो आणि त्याचा टॉर्क आपोआप घटत जातो. घसरण म्हणजे घरातल्या फ्यूजसारखी: ती झाली की काम थांबतं, पण घर जळत नाही.

साखळी वर बांधून पहिला प्रयत्न केला. चाकं फिरली, चिखल उडाला, काहीच झालं नाही. फ्यूज अजून शाबूत होता.

दुसरा निर्णय: टायरखाली दगड

मग ते घडलं जे अशा वेळी सगळीकडे घडतं. पोरांनी विहिरीच्या काठचे दगड आणले, पाचट आणलं, एकाने जुना पत्रा आणला. मागच्या टायरच्या पुढे दगड ठोकून बसवले, फटींत पाचट कोंबलं. टायरच्या नक्षीचे दात आता मातीवर नाही, दगडाच्या कडेवर बसणार होते.

इथे मी गप्प होतो. मला ती सुधारणा वाटली. खरं तर आम्ही फ्यूज काढून तिथे जाड तार लावली होती. घर्षणांक ०.४ ची मर्यादा गेली. आता टायर घसरणार नाही, म्हणजे इंजिनाकडे पडून असलेला ४,४०० किलोचा जोर अडवायला मध्ये काहीच राहिलं नाही. अडलेल्या चाकावर टॉर्क येत राहिला तर चाकाला फिरता येत नाही, मग आसाच्या दुसऱ्या बाजूला जे मोकळं आहे ते फिरतं. ते म्हणजे ट्रॅक्टरचं धूड. स्थिर उभ्या ट्रॅक्टरचं नाक उचलायला आसावर साधारण १५,७०० न्यूटन-मीटर पुरतात. गिअरबॉक्स २८,००० द्यायला तयार होता.

ड्रायव्हर बसला. साखळी वीतभर ढिली होती. त्याने गॅस वाढवून क्लच सोडला, झटकन, कारण रुतलेली गाडी हळू क्लचने निघत नाही असा सगळ्यांचाच अनुभव.

ट्रॅक्टर पुढे सरकला, साखळी ताणली, आणि पुढची चाकं वर आली.

किती वर, याबद्दल नंतर एकमत झालं नाही. दोन फूट म्हणणारे होते, कमरेएवढी म्हणणारेही. मला आठवतो तो रेडिएटरच्या जाळीमागे दिसलेला आभाळाचा तुकडा, जो तिथे दिसायला नको होता. ड्रायव्हरने क्लच दाबला. आसावरचा टॉर्क तत्क्षणी शून्य झाला आणि नाक धाडकन खाली आदळलं. त्याने ब्रेक दाबला असता, किंवा गॅस कमी करायला हात लिव्हरकडे नेला असता, तर त्या एका सेकंदात तो पोचला असता की नाही सांगता येत नाही. असा ट्रॅक्टर मागे पालथा व्हायला एक-दीड सेकंद पुरतो, आणि सावरायची संधी त्याच्याही आधी संपते. या ट्रॅक्टरला ड्रायव्हरच्या डोक्यावर संरक्षक चौकट नव्हती. वर होतं ते उन्हाचं छप्पर.

हिशेब सोपा निघतो. ट्रॉली नुसती संथ ओढायला १,१०० किलो. पण तिला झटक्याने हलवायचं तर वेग द्यायलाही जोर लागतो. सेकंदाला पाऊण मीटरचा वेग एका सेकंदात द्यायचा, म्हणजे पहिल्या गिअरचाच वेग, तरी ६ टनांना साडेचारशे किलो आणखी. बेरीज १,५०० च्या पुढे जाते. वरच्या ब्रॅकेटची मर्यादा बरोबर तिथेच होती. ढिल्या साखळीचा हिसका यात धरलेलाच नाही. तीच साखळी खालच्या हुकाला असती तर इतक्याच झटक्यात पुढच्या चाकांवर अडीचशेच्या वर किलो शिल्लक राहिले असते. नाक हललं असतं, उठलं नसतं.

तिसरा निर्णय: थांबणं, आणि मग रस्त्यावरून ओढणं

ड्रायव्हर उतरला, बांधावर जाऊन बसला आणि बिडी पेटवली. पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग माझ्या भावाने मुकादमाला सांगितलं, दीड टन ऊस उतरवा, त्याचे वेगळे पैसे मी देतो. रोख, आजच. ही किंमत सकाळीच कबूल केली असती तर ट्रॅक्टरचा वाकलेला टाय रॉड (पुढची चाकं वळवणारा जोडदांडा) आणि एक ठोका चुकलेलं काळीज वाचलं असतं.

बायका-पुरुषांनी शंभरेक मोळ्या उतरवल्या. दरम्यान पाटाची कड बुजवली, आणि मी या वेळी कागद घेऊन बसलो. कागदावर दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. ट्रॉली ओल्या चढावर असणं टाळता येणार नाही, पण ट्रॅक्टरने तिथे असण्याची गरज नव्हती. जिथे पकड हवी तिथे कोरडं हवं, ओझं कुठेही असो. आणि ओढ खालूनच.

चढाच्या समोर, रस्त्यापलीकडे, मुरमाची सपाट मोकळी जागा होती. शेजाऱ्याकडून २० मीटरचा वायर रोप मिळाला. वाकलेला टाय रॉड कामापुरता सरळ करून ट्रॅक्टर त्या मुरमावर उभा केला, रोप खालच्या हुकाला लावला. आता चढ ट्रॅक्टरला स्वतःला चढायचा नव्हता. साडेचार टनांच्या ट्रॉलीला हवे होते सव्वाआठशे किलो. कोरड्या मुरमावर, ०.६ धरून, मिळण्यासारखे साडेनऊशे. पुढच्या चाकांवर जवळपास ६०० शिल्लक. फरक फार मोठा नाही, पण दोन्ही बाजूंनी मोकळा होता: ट्रॉली न येण्याचीही भीती नाही, नाक उचलण्याचीही नाही. आणि ट्रॉली आली नाहीच तर टायर मुरमावर घसरणार, बस.

वायर रोपचं स्वतःचं एक संकट असतं. तुटला तर चाबकासारखा परततो. म्हणून रोपच्या दोन्ही बाजूंना कुणालाही उभं राहू दिलं नाही आणि त्याच्या मध्यावर भिजलेली पोती टाकली, जेणेकरून तुटलाच तर पोत्यांच्या वजनाने खाली पडेल. रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून वाहनं थांबवली. ट्रॉलीच्या मागच्या चाकांमागून दोघे उटी (चाकाला लावायची अडण) घेऊन चालत होते, ट्रॉली मागे घसरली तर लगेच सरकवायला. रोप हळूहळू ताणला, मग क्लच हळूहळू सोडला. ट्रॉली एकदा करकरली आणि वर येऊ लागली.

निष्पत्ती

ट्रॉली पावणेदोनच्या सुमारास रस्त्यावर लागली. उतरवलेला ऊस पुन्हा भरायला तास गेला. टाय रॉड आणि पुढच्या हबचं एक सील बदलावं लागलं. माणसाला इजा नाही. टोळीला ठरलेले पैसे त्याच दिवशी मिळाले, पण पुढच्या खेपांसाठी किती टन भरायचे यावर मुकादम आणि माझा भाऊ यांच्यात त्या आठवड्यात पुन्हा वाजलं.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळी चढ कोरडा होता आणि पाणी सुटणार हे शेजाऱ्याला ठाऊक होतं. विजेच्या वेळा गावात सगळ्यांना माहीत असतात. चढाच्या वरच्या अंगाला हातभर रुंद चारी काढली असती तर पाणी बाजूने गेलं असतं. हे सगळ्यात स्वस्त होतं आणि कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच.

पहिल्यांदा चाकं जागच्या जागी फिरली तेव्हाच थांबायला हवं होतं. फिरणारं चाक माती रगडून गुळगुळीत करतं आणि खाली खड्डा करतं. प्रत्येक प्रयत्नाने पुढचा प्रयत्न आधीपेक्षा अवघड होत होता. आम्ही सहा-सात वेळा केला.

लॉकच्या पेडलबद्दल मतभेद आहे. भावाचं म्हणणं, ते चालू असतं तर ट्रॉली निघाली असती. मला तसं वाटत नाही. दोन्ही चाकांची पूर्ण पकड धरूनच ३९० चा आकडा आला आहे. लॉक नसताना प्रत्यक्षात त्याहून कमी मिळत असणार. लॉकने आम्ही ३९० पर्यंत पोचलो असतो, पुढे नाही. तरीही ते चालू असायला हवं.

माझ्या सल्ल्याबद्दल बरेच दिवस विचार केला. चूक गणिताची नव्हती, प्रश्न निवडण्याची होती. मी विचारलं, "घर्षण कसं वाढेल?" विचारायला हवं होतं, "किती कमी पडतंय?" सातशे किलो कमी पडताहेत असं कळलं असतं तर पन्नास किलोंच्या युक्तीकडे मी वळून बघितलं नसतं, आणि दगडांकडे बघून घाबरलो असतो.  खालच्या हुकाला, ताणलेल्या साखळीने आणि हळू क्लचने ते लावले असते तर धोका कमी झाला असता, पण गेला नसता. दगड आणि वरचा ब्रॅकेट एकत्र, हे मात्र कधीच नाही.

आणखी एक. ड्रायव्हरला त्या ब्रॅकेटची भीती आधीपासून होती. संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "माझा आजा बैलगाडीलाबी वरनं दोर लावू देत नव्हता. पर तुमी सर, मग म्या काय बोलू?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

या हंगामाआधी भावाने चढावर मुरूम टाकून तो १२ मीटरचा १८ मीटर केला आणि बाजूने चारी काढली. ६ टनांच्या ट्रॉलीला चढाचे ५०० किलो लागायचे, आता तीनशे तेहतीस लागतात. ड्रायव्हरने लॉकचं पेडल रॉकेलमध्ये भिजवून मोकळं केलं. टॉप लिंकच्या ब्रॅकेटच्या भोकात त्याने एक बोल्ट घालून नट वेल्ड करून टाकला आहे, म्हणजे तिथे साखळीचा हुक जातच नाही.